‘नाहीं’ म्हणण्याचें शिक्षण

मुलींना काय काय शिकवावें याविषयीं आपल्या सुशिक्षित घरांत उत्साहाची कधींच वाण नसते. गणित, इंग्रजी, संगीत, पोहणें, संगणक, सारें कांहीं आपण हौसेनें शिकवितों. परंतु एक धडा असा आहे कीं, तो न देणें यालाच आपण आजवर सभ्यपणा मानीत आलों. आपल्या देहाशीं कोणी अनुचित वर्तन करूं लागल्यास तें ओळखावें कसें, त्यास नकार कसा द्यावा आणि तें कोणास सांगावें, हा तो धडा होय. हा विषय काढतांना जीभ अडखळते, हें मी जाणतें. परंतु तीस वर्षें मुलींच्या शाळेंत शिकविल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे कीं, या अडखळण्याची किंमत आपण देत नसून आपल्या मुली देत असतात.

याची साक्ष म्हणून माझ्याच हातून घडलेली चूक प्रथम सांगतें. जिची ही हकीकत आहे तिच्या अनुमतीनें, ओळख पटेल असें सारें वगळून ती येथें देत आहें.

१९७८ सालीं माझ्या पांचवीच्या वर्गांत एक मुलगी होती. शिक्षणासाठीं ती नातलगांकडे राहत असे. हुशार, नीटनेटकी आणि मितभाषी. शाळा सुटली कीं घरीं जाण्याचें ती टाळी, “फळा पुसूं का? वह्या लावून ठेवूं का?” असें विचारीत माझ्याभोंवतीं घुटमळे. मला तें तिच्या सेवावृत्तीचें लक्षण वाटे. एके दिवशीं फळा पुसतां पुसतां तिनें विचारलें, “बाई, मोठ्या माणसांचें ऐकलें नाहीं तर पाप लागतें का?” मी वह्या तपाशीत होतें. मान वर न करतांच मीं उत्तर दिलें, “अगं, मोठीं माणसें आपल्या भल्याचेंच सांगतात. त्यांचें ऐकावें.” ती “बरें” म्हणाली, फळा पुरा पुसला आणि घरीं गेली.

बावीस वर्षांनीं ती मला भेटावयास आली. तेव्हां तिची स्वतःची मुलगी शाळेंत जाऊं लागली होती. त्या घरांतील कर्त्या पुरुषाकडून आपणांस काय सोसावें लागलें तें तिनें चार वाक्यांत सांगितलें आणि ती म्हणाली, “बाई, त्या दिवशीं तुम्हीं ‘कां गं?’ एवढें विचारलें असतें, तर मीं सगळें सांगितलें असतें.” तिच्या स्वरांत राग नव्हता. मला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

या मुलीवर झालेले संस्कार चांगलेच होते. वडीलधाऱ्यांस नमस्कार करावा, उलट उत्तर देऊं नये, सांगितलेलें मुकाट्यानें करावें. उणीव एवढीच कीं, आज्ञापालनालाहि सीमा असते हें तिला कोणींच सांगितलें नव्हतें. आपण मुलींना अनोळखी माणसापासून सावध करतों. परंतु हें संकट पुष्कळदां ओळखीच्या पायांनीं घरांत येतें. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलामुलींना तींत विचारण्यांत आलें होतें. त्यांपैकीं शेंकडा ५३ जणांनीं लैंगिक छळाचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचें सांगितलें. छळणारांपैकीं सुमारें निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे वा विश्वासाच्या स्थानीं असलेले होते, आणि बहुतेक मुलांनीं ही गोष्ट कोणालाहि सांगितली नव्हती. त्या पाहणींत मुलग्यांचें प्रमाणहि मुलींहून कमी नव्हतें. तेव्हां ज्यांच्या घरीं केवळ मुलगेच आहेत, त्यांनींहि हें पान उलटूं नये.

घरांतली गोष्ट घरांतच राहावी, हा आपला जुना युक्तिवाद आहे. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणि दासी नांवाच्या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीच्या मृत्यूचा खटला चालला. पतीनें केलेल्या देहसंबंधामुळें ती मरण पावली होती. परंतु तत्कालीन कायद्यांत संमतीचें वय दहा वर्षांचें असल्यामुळें त्याच्यावर बलात्काराचा आरोप ठेवतांच येईना. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानें ही मर्यादा बारा वर्षें केली, तेव्हां पुण्यांत केवढें रण माजलें! परक्या सरकारनें आमच्या धर्मांत व घरांत हात घालूं नये, असें लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’तून प्रतिपादिलें, आगरकरांनीं ‘सुधारका’तून कायद्याची बाजू घेतली. सरकार परकें होतें हें खरें. पण जिच्या देहाविषयीं हा सारा वाद चालला होता, त्या मुलीला मात्र कोणी विचारावयास गेलें नाहीं. आज सरकार आपलें आहे, मुलीच्या विवाहाचें वय अठरा आहे. पण तिला न विचारण्याची आपली संवय अद्याप पुरती गेलेली नाहीं.

आतां शिकवावयाचें तें काय? तीन-चार वर्षांच्या वयापासून, अंघोळ घालतांना, आईला हा पाठ सहज आरंभितां येतो. पहिली गोष्ट, शरीराच्या सर्व अवयवांचीं खरीं नांवें. ज्या अवयवाला नांवच दिलें नाहीं, त्याला झालेली इजा मूल सांगणार तरी कशी? दुसरी गोष्ट, पोहण्याच्या पोशाखानें झांकला जाणारा भाग हा खाजगी होय. स्वच्छता वा आजारपण यांखेरीज त्यास कोणीं हात लावूं नये, तो पाहूं नये, त्याचें छायाचित्र मागूं नये. आणि दुसऱ्या कोणीं आपल्या अशा भागास तिला हात लावावयास सांगूं नये. डॉक्टरांनीं तपासावयाचें तेंहि आई किंवा वडील जवळ असतांनाच. हातांत मोबाइल आला कीं हाच नियम त्यालाहि लागू करावा.

पुष्कळ ठिकाणीं ‘चांगला स्पर्श’ आणि ‘वाईट स्पर्श’ एवढें शिकवून थांबतात. तें पुरेसें नाहीं. अनुचित स्पर्श दर वेळीं दुखावतोच असें नाहीं. कधीं तो लाडासारखाच वाटतो आणि मूल गोंधळून स्वतःलाच अपराधी समजूं लागतें. म्हणून नियम मनाला काय वाटलें याचा नसावा, देहाच्या सीमेचा असावा.

तिसरी गोष्ट, गंमत आणि गुपित यांतील भेद. आजीच्या वाढदिवसाची गंमत चार दिवसांनीं सर्वांना कळावयाचीच असते. परंतु “हें कोणाला सांगूं नकोस, आईला सुद्धां नाहीं,” असें मोठ्या माणसानें बजावलें, तर तें गुपित त्याच दिवशीं आईस सांगावयाचें. हा मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा मानतें. कारण असा मनुष्य बहुधा एकाएकीं मर्यादा ओलांडीत नाहीं. तो प्रथम घराचा विश्वास मिळवितो, मुलीला खाऊ आणतो, इतरांहून तिचें अधिक कौतुक करतो, लहानसहान गुपितें ठेवावयास शिकवितो, आणि मगच पुढें सरकतो.

शेवटची गोष्ट, सांगावयाचें कोणास? निवृत्तीपूर्वीं कांहीं वर्षें हा पाठ मीं वर्गांत घेतला. ज्यांना कांहींहि सांगतां येईल अशीं पांच माणसें हाताच्या पांच बोटांवर मोजा, असें मी मुलींना म्हणें. एकानें विश्वास ठेवला नाहीं तर दुसऱ्यास सांगावयाचें, दुसऱ्यानें नाहीं ठेवला तर तिसऱ्यास. मुली उत्साहानें मोजीत. एकदां एका मुलीनें दोन बोटें मोजून मूठ मिटली. ती चांगल्या सुखवस्तु घरची होती.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. हा धडा दिला म्हणजे रक्षणाची जबाबदारी मुलीवर सोंपविली, असें कोणीं समजूं नये. मोठ्या माणसापुढें लहान मुलीची वाचा बसते, हातपाय गळून जातात. तिला ‘नाहीं’ म्हणतां आलें नाहीं, किंवा तिनें वर्षभर सांगितलें नाहीं, तरी दोष तिचा नव्हे, हें तिला आधींच सांगून ठेवलें पाहिजे.

आणि ‘नाहीं’ म्हणावयास ती शिकणार कोठें? घरींच. पाहुण्यांनीं जवळ ओढलें असतां मुलगी अंग चोरते, आणि आपणच हंसत म्हणतों, “अगं, काका आहेत ना, पापा दे!” त्या क्षणीं तिचा नकार आपण मोडलेला असतो. तिनें दुरून नमस्कार केला तर कोणाचा अपमान होत नाहीं. एखाद्या घरीं वा शिकवणीस जाण्यास ती अकस्मात् नकार देऊं लागली, सुटलेली अंथरूण ओलें करण्याची संवय परत आली, झोंप, भूक वा अभ्यास बिघडला, तर त्यांपैकीं कोणतेंहि लक्षण पुरावा नव्हे; पण जवळ बसवून विचारण्यास तेवढें कारण पुरे आहे.

तिनें सांगितलेंच, तर आपण आक्रोश करूं नये. “तूं सांगितलेंस हें फार बरें केलेंस, तुझी कांहीं चूक नाहीं,” हीं दोन वाक्यें आधीं बोलावीं. खोदून खोदून विचारूं नये, त्या माणसासमोर तिला उभी करूं नये, घटना ताजी असल्यास अंघोळ घालण्याची वा कपडे धुण्याची घाई करूं नये. मग डॉक्टर आणि पोलिस. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलांत असलेल्या ‘पॉक्सो’ कायद्यानें अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला संरक्षण दिलें आहे. मुलीचा जबाब तिच्या घरीं वा तिला रुचेल त्या जागीं, शक्यतों स्त्री-अधिकाऱ्यानें, गणवेश न घालतां घ्यावयाचा असतो. तिचें नांव वृत्तपत्रांत येऊं देण्यास सामान्यतः मनाई आहे, आणि साक्षीच्या वेळीं आरोपी तिच्या दृष्टीस पडणार नाहीं अशी व्यवस्था करावी लागते. उलट, असा गुन्हा ठाऊक असून जो पोलिसांस कळवीत नाहीं, तो स्वतःच शिक्षेस पात्र होतो. ‘घराण्याची अब्रू’ ही सबब कायद्याला मान्य नाहीं. कोणाकडे जावें हें न सुचल्यास १०९८ हा मुलांसाठींचा विनामूल्य दूरध्वनि आहे. १९९६ सालीं मुंबईस टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका प्रयोगांतून त्याचा आरंभ झाला.

ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूर येथील एका शाळेंत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढें आली. त्या वयाचें मूलहि घरीं येऊन सांगूं शकलें. परंतु तक्रार नोंदवून घेण्यास विलंब झाला, आणि २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनीं रेल्वे रोखून धरली. सांगण्यांत मूल उणें पडलें नाहीं. ऐकण्यांत मोठीं माणसें उणीं पडलीं.

म्हणून, भगिनींनो, हा धडा मुलींना अवश्य द्या. परंतु त्याचा अर्धा भाग आपण स्वतः गिरवावयाचा आहे हें विसरूं नका. तुमची मुलगी उद्यां स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं उगाच घुटमळत एखादा विचित्र प्रश्न विचारील. तेव्हां हातांतलें काम क्षणभर खालीं ठेवा, तिच्याकडे पाहा, आणि मीं जें विचारलें नाहीं तें विचारा: “कां गं?”