उपवासकाळ आणि जकातदाराचा हिशेब

फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास रत्नागिरी शहरात ग्रामदैवत श्रीदेव भैरीची पालखी निघते, ढोलांच्या आवाजाने आळ्या दुमदुमतात आणि होमाची राख कपाळी लावून लोक धुळवड साजरी करतात. त्याच्या थोडे आधी याच शहरातील मूठभर कॅथलिक कुटुंबांच्या कपाळीही राख लागलेली असते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. हा योग पंचांगानेच घडवून आणलेला आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, आणि त्याच्या ४६ दिवस आधीचा तो राखेचा बुधवार. त्यामुळे कोकणचा शिमगा बहुधा ख्रिस्ती उपवासकाळातच सापडतो. मधले सहा रविवार पुनरुत्थानाचे म्हणून वजा घातले की ४० उरतात. येशूने अरण्यात तितकेच दिवस उपवास केला, अशी शुभवर्तमानाची साक्ष आहे.

गतवर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात, आणि ती लावताना माणसाला त्याच्या मातीपणाची आठवण देतात. एकोणिसाव्या शतकात येथे ठाणे केलेल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या परंपरेत ही चाल मुळात नव्हती. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतातील कॅथलिक मंडळी मात्र ती पाळतात. कायदा म्हणून पाहिल्यास आजचा नियम फार सौम्य आहे: राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे, तोही १८ ते ५९ वयापर्यंत, आणि शुक्रवारी मांस वर्ज्य. मासळीला मनाई नाही. ताटात सुरमई असताना मटण सोडल्याचे पुण्य रत्नागिरीकराने आपल्या खाती मांडावे, हे काही न्यायाचे दिसत नाही. ज्याला खरोखर काही सोडायचे असेल, त्याने बांगडा सोडून पाहावा.

पण सोडण्याच्या या हिशेबातच एक मोठा गैरसमज दडलेला असतो. उपवास, प्रार्थना, दानधर्म ही जणू देवाच्या कचेरीत भरावयाची रक्कम, आणि ती पुरी भरली म्हणजे क्षमेची पावती हाती पडणार, अशी समजूत ख्रिस्ती माणसांतही थोडी नाही. उधळ्या पुत्राचा दृष्टान्त लक्षपूर्वक वाचला तर या समजुतीला जागाच उरत नाही. वडिलार्जित मिळकतीचा हिस्सा मागून घेऊन, तो परदेशी उडवून, अखेर डुकरे राखण्याची पाळी आलेला तो तरुण घरी परतताना बापापुढे करावयाचे भाषण मनाशी रचून ठेवतो: मी पाप केले, पुत्र म्हणवून घेण्यास मी लायक नाही, मला एक मोलकरी म्हणून ठेवा. बाप त्याला दूर असतानाच पाहतो आणि म्हातारपणाची भीड न धरता धावत सुटतो. मुलाची पहिली दोन वाक्ये कशीबशी होतात, आणि मोलकऱ्याच्या नोकरीचा अर्ज तोंडातून निघण्यापूर्वीच झगा, अंगठी आणि पायतण आणण्याचा हुकूम चाकरांना सुटलेला असतो.

इतक्या स्वस्तात क्षमा मिळू लागली तर माणूस कोडगा होईल, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर यरीहोच्या जक्कयाच्या कथेत सापडते. हा मुख्य जकातदार. रोमन अमलाखाली जकातीची वसुली मक्त्याने चाले, आणि सरकार व रयत यांच्या मधला माणूस रयतेच्या डोळ्यांत किती सलतो, हे १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट होईपर्यंत तिच्या छायेत राहिलेल्या रत्नागिरी जिल्ह्याला निराळे सांगावयास नको. गर्दीत दिसेना म्हणून उंबरावर चढून बसलेल्या या ठेंगण्या गृहस्थाला, त्याने चकार शब्दाने कबुली देण्यापूर्वीच, येशू कळवतो की आज तुझ्याच घरी उतरायचे आहे. मग जक्कय उभा राहतो आणि अर्धी मालमत्ता गोरगरिबांस देण्याचे, व ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्याचे कबूल करतो. दया फुकट मिळाली खरी; तरी लुबाडलेल्यांचे पैसे बुडाले नाहीत. गोव्याकडे ज्याला कुमसार म्हणतात, त्या पापनिवेदनाच्या विधीतही चोरीचा माल मूळ धन्याकडे पोचवण्याची जबाबदारी क्षमा मिळाल्याने माफ होत नाही.

उलट, नुसत्या परतफेडीनेही भागत नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याने त्याबद्दल मिळालेले तीस रुपये याजकांपुढे टाकून आपला अपराध कबूल केला होता, दुसरा शिष्य पेत्र याने तीनदा गुरूला नाकारून केवळ अश्रू ढाळले होते. पण यहूदाने गळफास घेतला आणि पेत्र, आपले तोंड कोणाला कसे दाखवावे हे न कळूनही, मंडळींत टिकून राहिला. पश्चात्ताप दोघांनाही झाला, क्षमेची आशा एकालाच उरली. या पेत्रावर एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने गोव्यात सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी ओवीबद्ध पुराण रचले; फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले होते, त्यानंतर थोड्याच वर्षांनी.

आपल्या भाषेत ही दयेची कल्पना सर्वांत घरगुती केली ती मात्र याच जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षांची ताटातूट झाली, १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे मानणाऱ्या टिळकांना, दयाळू देवाच्या दारी नोंदवहीची एवढी मातबरी का असावी, हा प्रश्न अखेरपर्यंत छळत राहिला असावा. कारण १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी जो ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही प्रवेश होता. दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, टिळक वारले आणि दरबाराचा पसारा त्यांच्या मनासारखा वाढू शकला नाही.