स्वभावाला औषध नाही?

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण बहुधा दुसऱ्यांसाठीच वापरतो. सून अबोल, धाकटा आळशी, शेजारी भांडकुदळ. शिक्का बसला की चौकशी संपली. मानसशास्त्राने ती शंभराहून अधिक वर्षे चालू ठेवली आहे.

१९२० साली गॉर्डन ऑलपोर्ट हा बावीस वर्षांचा अमेरिकन तरुण व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइडला भेटायला गेला. फ्रॉइड गप्पच. अवघडून ऑलपोर्टने ट्राममध्ये पाहिलेल्या एका मुलाची हकिकत सांगितली. पोर चार वर्षांचे, पण घाणीची विलक्षण धास्ती. शेजारी टापटिपीची, करारी आई. फ्रॉइडने विचारले, तो मुलगा म्हणजे तुम्हीच का?

फ्रॉइडच्या मते वागण्याची मुळे बालपणात, नेणिवेत दडलेली असतात. ऑलपोर्टला वाटले, इतके खोल उतरण्याआधी समोरच्या माणसालाच त्याचा हेतू विचारावा. पुढे १९३६ मध्ये त्याने हेन्री ऑडबर्टबरोबर इंग्रजी शब्दकोशातून माणसामाणसांतला फरक सांगणारे १७,९५३ शब्द वेचले.

१९६८ मध्ये वॉल्टर मिशेलने या साऱ्या विशेषणांवरच शंका घेतली. माणूस सगळीकडे सारखा वागतो कुठे? प्रसंग बदलला की वागणे बदलते. बँकेत वर्षानुवर्षे मी हाताखालच्यांचे गोपनीय अहवाल लिहिले. काउंटरवर गिऱ्हाइकांवर खेकसणारा कॅशियर सहलीत सर्वांना आग्रहाने वाढताना मी पाहिला आहे. अहवालात मात्र त्यासाठी रकाना नव्हता.

वाद बराच चालला. आज बहुतेक अभ्यासक मधला मार्ग धरतात. एका प्रसंगावरून माणूस कळत नाही. अनेक प्रसंगांची सरासरी काढली तर त्याचा कल दिसतो. तो मोजायला पाच मापे रूढ झाली आहेत: नावीन्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि मनाची अस्थिरता. ऑलपोर्टच्या शब्दांच्या यादीतूनच ही वाट निघाली. शिवाय वयाबरोबर हा कलही हळूहळू बदलतो. तरुणपण ओसरताना माणसे सरासरीने अधिक शिस्तशीर, अधिक मनमिळाऊ होत जातात.

म्हणजे औषध नसले, तरी स्वभाव दगडावरची रेघ नव्हे. मोठ्यांचे ठीक आहे, ते शिक्का पुसूनही टाकतील. मुले मात्र तो खरा मानून त्याबरहुकूम वागू लागतात. तेव्हा धाकट्याला आळशी म्हणण्याआधी एवढेच विचारावे: कुठे आळशी? अभ्यासाला सातला न उठणारा हा मुलगा क्रिकेटसाठी पहाटे पाचला कसा उठतो?