जळालेली शाळा पुन्हा उभी राहिली

आज एका दूरदेशीच्या शाळेची हकिगत सांगायची आहे. आपला तिच्याशी काय संबंध, असे म्हणाल. पण पोर दप्तर घेऊन शाळेत गेले म्हणजे आईबापांना जो भरवसा वाटतो, तो सगळ्या मुलखांत सारखाच.

अमेरिकेतल्या शिकागो शहरात 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' ही कॅथलिक लोकांची शाळा होती. आसपास वस्ती बहुतेक इटालियन घरांची. १ डिसेंबर १९५८ च्या दुपारी, शाळा सुटायला थोडाच वेळ उरला असताना, तळघरात जिन्यापाशी असलेल्या कचऱ्याला आग लागली. तिच्यात ९२ मुले आणि त्यांना शिकवणाऱ्या ३ सिस्टर गेल्या.

इमारत बाहेरून पक्क्या विटांची, पण आतले जिने लाकडाचे. असा उघडा जिना म्हणजे आगीला आयते धुराडे! खालच्या मजल्यावर जिन्याला दार होते, ते बंद असल्याने तिथली मुले बचावली. वरच्या मजल्यावर दारच नव्हते. धूर थेट व्हरांड्यात शिरला आणि मुलांना खिडकीवाचून वाट उरली नाही. खिडकीपासून जमीन सुमारे २५ फूट खाली. शाळेत धोक्याची घंटा होती, पण तिचा आवाज शाळेपुरताच. बंबवाल्यांना तिची वर्दी जात नव्हती.

सर्वांत चीड येते ती पुढच्या गोष्टीची. काही आठवड्यांपूर्वीच शाळेची तपासणी होऊन ती पास झाली होती. शहरात १९४९ साली कडक नियम झाले होते, पण ते नव्या इमारतींना. जुन्यांना सूट. आग काय इमारतीचे वय विचारून लागते?

जळके अवशेष १९५९ साली पाडले आणि सप्टेंबर १९६० मध्ये नवी शाळा सुरू झाली. तिच्यात छताला पाण्याचे नळ बसवले होते. खाली आग लागून उष्णता वाढली, की त्या ठिकाणची तोटी आपोआप उघडते आणि पाणी फवारू लागते; कोणी धावत जाऊन चावी फिरवायची गरज नाही. लॉस एंजलिसच्या बंबवाल्यांनी तर १९५९ साली एका रिकाम्या शाळेत मुद्दाम आगी लावून पाहिल्या. ज्वाळा पोचण्याआधी धूरच माणसाचा मार्ग बंद करतो, हे तिथे दिसून आले. देशभरातल्या सुमारे १६,५०० जुन्या शाळा वर्षभरात दुरुस्त झाल्या.

आपल्याकडेही १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरातून आग निघाली, गवती छपराने पेट घेतला आणि ९४ मुले गेली. तेव्हा एकदा गावच्या शाळेत चक्कर टाका. जिन्याखाली मोडकी बाके, रद्दी, सरपण रचले आहे का? चूल वर्गाला चिकटून आहे का? मागचे दार आतून उघडते की त्याला कुलूप आहे?

शिकागोची ती नवी शाळा पुढे जवळजवळ चाळीस वर्षे चालली. मुले कमी होत गेली, म्हणून १९९९ साली तिथले वर्ग बंद झाले.