झाडावरचा माणूस आणि त्याचा दोर



पावसाळा तोंडावर आला की गावोगाव फांद्या छाटण्याचे काम निघते. शाळेच्या कौलांवर चिंच आलेली असते, गोठ्यावर आंबा वाकलेला असतो. मग गावातला एखादा चपळ गडी कमरेला कोयता खोचतो नि सरसर वर चढतो. आपण खाली उभे राहून ओरडतो, "जपून रे बाबा!" पण त्याने जपायचे कशाच्या जोरावर? हात घामाने ओले, पायाखाली शेवाळ. आणि दोर असलाच तर तो तोडलेली फांदी खाली सोडायला, माणसाला सांभाळायला नव्हे. आज या माणसाला सांभाळणाऱ्या दोराविषयी बोलू.

होडी धक्क्याला लागते तेव्हा खलाशी काय करतो, पाहिलेत ना? दोराचे दोन वेढे खुंटाला देतो आणि एवढी मोठी होडी एका हाताने धरून ठेवतो. ही ताकद त्याच्या दंडातली नव्हे, घर्षणातली. दोर आणि खुंट यांचे घर्षण बेताचे धरले, तरी एका पूर्ण वेढ्याने पकड सुमारे साडेसहा पट होते. दुसरा वेढा दिला की तेरा पट होत नाही बरे का, साडेसहाच्या साडेसहा पट, म्हणजे चाळिसांहून अधिक होते! गुरुजी, वर्गात हे सहज दाखवता येईल. गुळगुळीत आडव्या वाशावरून सुतळी सोडा, एका टोकाला वीट बांधा आणि मुलांना दुसरे टोक एका बोटाने धरायला सांगा. आधी नुसते, मग एक वेढा देऊन, मग दोन.

झाडावर चढणाऱ्याची सारी साधने या वेढ्यांतूनच निघाली आहेत. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी 1931 साली एक गाठ प्रसिद्ध केली. जाड दोराभोवती बारीक दोरीच्या फासाचे दोनतीन वेढे द्यायचे. फासावर भार पडला की वेढे आवळतात आणि गाठ जागच्या जागी थांबते. भार काढला की तीच गाठ हाताने वर सरकवता येते. गाठ स्वस्त आणि गुणी, पण फार आवळली की लवकर सुटत नाही, आणि भरभर खाली उतरले तर घर्षणाने तापून दोरी खराब होते.

म्हणून पुढे धातूच्या पकडी आल्या. 1958 साली स्वित्झर्लंडमध्ये 'जुमार' निघाला. सह्याद्रीत कडे चढणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनाही तो ठाऊक आहे. त्यातला दातेरी तुकडा दोर दाबून धरतो. पकड वर सरकते, खाली येत नाही. चढायला हे उत्तम, पण झाडावरच्या माणसाला घटकेत वर, घटकेत खाली जावे लागते. त्यासाठी फ्रान्सच्या पेट्झल कंपनीने 'झिगझॅग' नावाची पकड काढली. तिच्यात धातूच्या कड्यांची छोटी साखळी दोराला नागमोडी वळवते. अंगाचा भार आला की कड्या तिरप्या होऊन दोर आवळतात. वरची कळ हलके दाबली की सैल होतात आणि माणूस सावकाश खाली येतो. प्रुसिकची गाठच जणू लोखंडाची झाली!

ही पकड वापरताना दोर भक्कम फांदीवरून घेतात. एक टोक कमरेच्या पट्ट्याला बांधतात आणि दुसरी बाजू पट्ट्यालाच लावलेल्या पकडीतून घेतात. दोन फूट दोर खाली ओढला की माणूस एक फूट वर जातो. भारही दोन्ही बाजूंना वाटला जातो. सत्तर किलोचा गडी असेल तर पकडीकडे साधारण निम्माच येतो.

पण यंत्र आले म्हणून निर्धास्त होऊ नका. पाय घसरला की माणूस घाबरून हाताला लागेल ते घट्ट धरतो. ती नेमकी कळच असली, तर पकड आवळायच्या ऐवजी सुटते! तेव्हा 'कळ सोडली म्हणजे थांबतो' हे अंगवळणी पडेपर्यंत जमिनीपासून हातभर उंचीवरच सराव करा. दोर त्या पकडीला सांगितलेल्या जाडीचाच हवा. काथ्याचा किंवा विहिरीचा दोर चालणार नाही. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ हवीच, नाहीतर उतरताना टोक पकडीतून निसटते. आणि कोयता चालवण्यापूर्वी दुसरा पट्टा खोडाभोवती घाला. पकड दोर धरते. पण कोयत्याने दोरच तुटला तर ती काय धरणार?

रोज वर जाण्याआधी यंत्र डोळ्यांखालून घाला. 2013 साली कड्यांत चिरा आढळल्यामुळे कंपनीला झिगझॅग पकडी परत मागवाव्या लागल्या. नामांकित कारखान्याचा मालसुद्धा तपासावा लागतो, मग आपल्या कोनाड्यात वर्षभर पडलेल्या दोराची काय कथा!

माडाची गोष्ट निराळी. त्याला फांदी नाही, तेव्हा दोर टाकायचा कशावरून? त्यासाठी खोडाला आवळणारे, पायाने चालवायचे शिडीयंत्र आहे. नारळ विकास मंडळाने 2011 पासून तरुणांना त्याचे शिक्षण दिले आहे. मात्र तत्त्व तेच: भार पडला की आवळायचे, भार काढला की सरकायचे.

तेव्हा मंडळी, यंदा गडी बोलवाल तेव्हा मजुरी ठरवण्याआधी एक विचारा, "बाबा रे, तुझ्यासाठी दोर कुठे आहे?" नसेल तर फांदी चार दिवस राहू द्या. तिची घाई नसते. त्याची घरी कोणीतरी वाट पाहत असते.