शोधनिबंधाला उत्तर शोधनिबंधानेच

अर्थशास्त्राच्या अध्यापकाचे व्यावसायिक आयुष्य बाहेरून दिसते तितके निवांत नसते. एका शोधनिबंधावर तो दोन-तीन वर्षे खपतो. मग निबंध एखाद्या नियतकालिकाकडे जातो, परीक्षकांचे आक्षेप येतात, दुरुस्त्या होतात. कधी नकार येतो आणि दुसऱ्या नियतकालिकाचे दार ठोठावावे लागते. या साऱ्यात आणखी काही वर्षे सरतात. धोरणकर्त्यांना इतका काळ थांबता येत नाही आणि अभ्यासकालाही आपली चूक छापून येण्याआधीच कळलेली बरी असते. म्हणून या विद्याशाखेत ‘वर्किंग पेपर’चा, म्हणजे मसुद्याच्या अवस्थेतील निबंध सर्वांपुढे ठेवण्याचा रिवाज रुजला. अमेरिकेतील ‘नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च’ ही संस्था १९७३ पासून असे मसुदे प्रसिद्ध करते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘एसएसआरएन’ने पुढे हीच सोय इंटरनेटवरून जगभरच्या अभ्यासकांना करून दिली.

मसुदा खुला करणे म्हणजे तपासणीचे निमंत्रण देणे. त्यातून प्रतिष्ठितांचीही सुटका नसते. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये, सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की विकासदर कोसळतो, असा निष्कर्ष मांडला. युरोप-अमेरिकेतील काटकसरीच्या धोरणांचे समर्थन करताना तो वारंवार पुढे केला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला मूळ लेखकांकडूनच गणिताचा तक्ता मिळाला आणि त्यात पाच देश सरासरीतून गळाल्याचे त्याच्या लक्षात आले. त्याने आपल्या प्राध्यापकांसह फेरगणित मांडले. लेखकांनी तक्त्यातील चूक मान्य केली, मूळ निष्कर्षावर मात्र ते ठाम राहिले. वाद पुढेही चालला, पण तो आकड्यांनीच लढला गेला.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास ग्रामीण दारिद्र्य घटते आहे, असे बी. एस. मिन्हास यांचे म्हणणे होते, तर ते वाढते आहे, असा प्रणब बर्धन यांचा निष्कर्ष होता. एकाच देशाच्या पाहण्यांमधून असे परस्परविरोधी निष्कर्ष निघत होते आणि त्या वादातूनच दारिद्र्यमापनाचे शास्त्र घडत गेले.

माजी मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांनी जून २०१९ मध्ये असाच एक मसुदा प्रसिद्ध केला. २०११-१२ ते २०१६-१७ या काळात भारताचा विकासदर सुमारे अडीच टक्के-बिंदूंनी फुगवून मोजला गेला, म्हणजे सात टक्क्यांऐवजी तो साडेचार टक्क्यांच्या आसपास असावा, असा त्यांचा दावा होता. सरकारला तो झोंबणे स्वाभाविक होते. तरी पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने त्याला सविस्तर लेखी प्रत्युत्तर दिले. कोणाचे म्हणणे ग्राह्य, हे वाचकाला दोन्ही टिपणे समोर ठेवून ठरवता आले.

चार वर्षांनी चित्र पालटले. अशोका विद्यापीठातील अध्यापक सब्यसाची दास यांचा २०१९ च्या लोकसभा निवडणुकीवरील मसुदा जुलै २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर गाजू लागला. अटीतटीच्या मतदारसंघांत सत्ताधारी पक्षाचे विजय संख्याशास्त्रीय अपेक्षेहून अधिक आहेत, असे त्यात म्हटले होते. या चाचण्या म्हणजे गैरप्रकाराचा पुरावा नव्हे, हेही लेखकानेच नमूद केले होते. विद्यापीठाने मात्र निवेदन काढून अंतर राखले : या निबंधाची परीक्षणप्रक्रिया पूर्ण झालेली नाही आणि तो कोणत्याही नियतकालिकात प्रसिद्ध झालेला नाही. पुढे ऑगस्टमध्ये दास यांचा राजीनामा स्वीकारला गेला. अर्थशास्त्र विभागातील सहकाऱ्यांनी त्यांना परत घेण्याची मागणी केली. ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ पुलाप्रे बालकृष्णन यांनीही राजीनामा दिला.

विद्यापीठाचे विधान अक्षरशः खरे होते. पण तो निकष लावला तर जगातील कोणताच मसुदा कोणाला दाखवता येणार नाही. परीक्षण पूर्ण होण्याआधी लोकांसमोर येणे, हेच मसुद्याचे प्रयोजन असते. दास यांचे गणित चुकले असू शकेल. मतदारसंघांची निवड, मतदान केंद्रांची आकडेवारी, विजयाचे अन्य संभाव्य खुलासे यांवर कठोर प्रश्न विचारता आले असते. ते विचारण्यासाठी निबंध आणि निबंधकार दोघेही आपल्या जागी असावे लागतात.

कच्च्या निष्कर्षांना समाजमाध्यमांवर राजकीय रंग चढतो, ही तक्रार खोटी नाही. निवडणुकीसारख्या विषयात तर एक आलेखही घोषणा होऊन बसतो. यावर उपाय आहेत. लेखकाने मर्यादा ठळकपणे सांगाव्यात, आकडेवारी आणि गणिताची रीत सर्वांना उपलब्ध करावी. संस्थेने, मत अध्यापकाचे आहे, आक्षेप असल्यास लेखी मांडावेत, एवढेच सांगून थांबावे. सरकारनेही आपल्या पाहण्या दडवू नयेत. २०१७-१८ ची उपभोग-खर्च पाहणी गुणवत्तेचे कारण देऊन रोखली गेली, तेव्हा ती गुणवत्ता तपासण्याची संधीही अभ्यासकांना नाकारली गेली.

कायम नियुक्तीची वाट पाहणारा तरुण अध्यापक या घटनांमधून आपला धडा घेतो. त्याला कोणी मनाई करण्याची गरज उरत नाही. तो स्वतःच निरुपद्रवी विषय निवडतो. न लिहिलेल्या निबंधाची नोंद कुठेच होत नाही, त्यामुळे हे नुकसान मोजताही येत नाही. उद्या एखाद्या योजनेचे अपयश आकड्यांत दिसू लागले आणि ते मांडायला कोणी धजावले नाही, तर त्याची किंमत त्या योजनेवर विसंबलेल्या माणसांना मोजावी लागेल.