काळी मेंढी आणि एडक्याचा प्रश्न : बीदरकडच्या दख्खनी जातीविषयी

आपल्या मंडळात आजवर शिलालेख, बारवा, दर्गे, बिदरीकाम यांवर वाचन झालं. मेंढीवर कुणी काही वाचलं नव्हतं. भालकी तालुक्यात आमचं पाच एकर रान आहे, त्यात सध्या २३ दख्खनी मेंढ्या आणि एक एडका आहे. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी जातीने मेंढपाळ नाही; जे कळतं ते शेजारच्या धनगर-कुरुब मंडळींकडून आणि रोजच्या शेणालेंड्यातून.

आधी एक घोळ मिटवतो. ‘बिदरी’ नावाने ज्या जातीची सरकारी नोंद झाली आहे, ती शेळी. आपल्याकडची मेंढी ‘दख्खनी’. महाराष्ट्र, उत्तर कर्नाटक आणि तेलंगणाच्या कोरड्या पट्ट्यात ती पसरलेली. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे भागाभागाचे प्रकार सांगतात. रंग बहुतेक काळा, कुठे करडा, कुठे काळ्यावर पांढरे ठिपके. नाकाला बाक, कान लोंबते, मान बारीक, शेपूट आखूड. माझ्या मेंढ्या २८ ते ३० किलो भरतात, एडका ३८. व्यापारी बघतो आणि म्हणतो, “सर, हे तर वाळकं माल हाय.” वाळकं खरं, पण हीच मेंढी एप्रिलच्या उन्हात दिवसभर चालते आणि बाभळीच्या शेंगांवर, बोरीच्या पाल्यावर दिवस काढते.

लोकर हे तिचं दुसरं लक्षण. मेरिनोचा धागा साधारण २० मायक्रॉन जाडीचा. दख्खनीचा त्याच्या दुपटीहून जाड, राठ, केसाळ. अंगाला टोचणारच. स्वेटरला ही लोकर निरुपयोगी, घोंगडीला मात्र हीच पाहिजे. मराठीत घोंगडी, तेलुगूत गोंगडी, कन्नडमध्ये कंबळी. राठ धाग्यावरून पावसाचं पाणी निथळतं, म्हणून तर घोंगडीची खोळ करून माणसं आषाढात गुरांमागे जायची. सूत बायका काढायच्या, विणकाम महाराष्ट्रात सणगरांचं, इकडे बऱ्याच ठिकाणी कुरुबांचं. ताण्याला चिंचोक्याची खळ. माझ्या हिशेबाने दोन-अडीच किलोच्या घोंगडीला चार-पाच मेंढ्यांची वर्षभराची लोकर जाते, कारण वर्षाला दोनदा कातरूनही एका मेंढीची लोकर किलोभर होत नाही. एक सांगून ठेवतो : काळी घोंगडी रंगवलेली नसते, तो मेंढीचाच काळा. उन्हाने टोकं तांबूस होतात, तीच तिची ओळख.

तिसरा उपयोग खताचा. सुगी झाली की शेतात मेंढ्या बसवायच्या. वाघर लावून कळप एका तुकड्यात रात्रभर कोंडायचा, दुसऱ्या रात्री पुढच्या तुकड्यात. शेतकरी त्याचे ज्वारीने मोल द्यायचा. लेंडी आणि मूत जागेवरच मातीत जातं, गाडी भरून खत वाहायला नको. या लेंडीची किंमत आपल्या मुलखाने देवापर्यंत नेली आहे. सिंदगी तालुक्यातल्या गोलगेरीच्या वीर गोल्लाळेश्वराची कथा कलबुर्गीकडच्या वाचकांना माहीत असेल : मेंढ्या राखणारा पोरगा, त्याने लेंडीलाच लिंग मानून पुजलं. आपल्या तालुक्यात खानापूरला मैलार-मल्लण्णा आहे. हाच महाराष्ट्राचा खंडोबा, आणि त्याची दुसरी बायको बाणाई धनगराची. तिच्यासाठी देव तिच्या वाड्यावर मेंढ्या राखायला चाकर राहिला, असं सांगतात. मेंढरं मेली आणि त्याने भंडारा टाकून ती पुन्हा उठवली, हेही सांगतात. देवाला मेंढक्या करणारी माणसं मेंढीला हलकं कशी मानतील?

एका जनावराकडून तीन कामं, त्यामुळे एडका निवडताना मेंढपाळ तिन्ही बघायचा : लोकर काळी नि दाट आहे का, पाय चालते आहेत का, आई दुधाची आहे का. मांस शेवटी. जात अशीच घडली. आता ती मोडतेय, तीही याच जागेवर.

लोकर कुणी घेत नाही. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते. माझ्याकडे दोन पोती पडून आहेत. घोंगडीचे माग तिकडे चळ्ळकेरेला किंवा मेदककडे आहेत. दोन पोत्यांसाठी तिकडे कोण जाणार? रासायनिक खत आल्यावर मेंढ्या बसवायचं बोलावणंही कमी झालं. उरलं मांस. मग उंच, बिनलोकरीचा एडका पाहिजे : जतकडचा माडग्याळ, नाहीतर आंध्राकडचा नेल्लोर. त्याचं पिल्लू लवकर भरतं, बाजारात हजार-दोन हजार जास्त देतं. ज्याच्या घरात पोरीचं लग्न आहे, त्याला मी काय शिकवणार?

पण हिशेब बघा. मेंढी वर्षाला एक कोकरू देते, एडका कळपातल्या सगळ्या कोकरांचा बाप असतो. बाहेरचा एडका एकदा आणला की पुढची पिढी अर्धी दख्खनी. त्या पाटींवर पुन्हा तसलाच आणला की पाव, तिसऱ्यांदा आठवा हिस्सा. पाट पहिल्यांदा विते ती दीड-दोन वर्षांची होऊन. म्हणजे सहा-सात वर्षांत काळा कळप नावालाही राहत नाही, आणि मधल्या काळात कुणी एकही मेंढी मुद्दाम विकलेली नसते! किल्ल्याचा दगड पडला तर दिसतो. हे दिसत नाही.

सीमेचा भाग असल्याने आणखी एक अडचण. १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातला बीदर जिल्हा मोठा होता. राज्यपुनर्रचनेत उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, बाकी म्हैसूरकडे. कळप जुन्या वाटांनी फिरत राहिले, पण योजना तीन राज्यांच्या झाल्या. २०१७ पासून तेलंगणाने गोल्ला-कुरुमा कुटुंबांना २० मेंढ्या आणि १ एडका असा संच दिला, मेंढ्या शेजारच्या राज्यांतून विकत आणल्या. मदत खरीच होती, पण जनावरांची सरमिसळही झाली. त्याआधी लोकर मऊ करायची म्हणून मेरिनो, रॅम्बुले यांचं रक्त दख्खनीत घालून पाहिलं गेलं. पावसानंतर चिलटांमुळे नीलजिव्हा येते. तिची भारतातली पहिली नोंद १९६४ ची, महाराष्ट्रातल्या मेंढ्यांतली. आमच्या जातीलाही ती होते, पण परदेशी रक्ताला फार जड जाते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळे मेंढीत जुळी होण्याचं एक जनुक आहे, ते दख्खनीत आणून त्यांनी ‘नारी सुवर्णा’ तयार केली. जागेवर चारा-खुराक देणाऱ्याला ही उत्तम. दिवसभर चालणाऱ्या कळपात मात्र जुळ्यांना दूध पुरवणं कठीण, म्हणून मी एकावरच समाधानी आहे.

माझी पद्धत साधी. पावसाळ्यात कळप जांभ्याच्या माळावर, कारण काळ्या रानात चिखलाने खुरं सडतात. सुगीनंतर काळ्या रानात. जून-जुलैत एडका लागतो, पाच महिन्यांनी म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात कोकरं, तेव्हा तुरीचं भूस आणि पाला मिळतो. पावसाआधी आंत्रविषाराची लस, जंताचं औषध. एडका दोन वर्षांत बदलायचाच, नाहीतर त्याच्याच लेकी त्याला लागतात. आणि इथेच अडतं. पूर्वी शेजारच्या कळपातून काळा एडका अदलाबदलीत मिळायचा. यंदा मी आळंद तालुक्यापर्यंत जाऊन आलो. शेजारचे तात्या, उभा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस, म्हणाले, “काळा एडका हाय म्हणतंय कोणी, तर आधी त्याच्या आईची लोकर बघून ये. एडका बोलत नाही, आई बोलते.”

आई बघितली. काळी, दाट, कपाळापर्यंत लोकर. एडका दिवाळीनंतर आणायचा ठरला आहे. माझा जुना त्या मालकाकडे जाईल, वरचे पैसे नाहीत. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा आळंदकडे कुणाकडे पूर्ण काळा कळप असेल तर मंडळाला जरूर कळवा. निदान कोणत्या गावात किती काळे एडके उरलेत एवढी यादी तरी आपण करू शकतो.