लेव्हल चढली, मार का वाढला?

इंदापूरहून एस.टी.ने बारामतीला कॉलेजात येणारा एक विद्यार्थी परवा रडकुंडीला आला होता. "सर, लेव्हल वाढवली, तरी शत्रू जास्तच बडवतात!" खेळ होता २०११ सालचा 'स्कायरिम'.

मित्रांनो, यात जे कौशल्य वापराल ते वाढते आणि त्यातून योद्ध्याची लेव्हल, म्हणजे पातळी, चढते. पहिलीवरून दुसरीला १०० गुण, नंतर दर पायरीला २५ जास्त. आमच्या पठ्ठ्याने कुलपे उघडून आणि दुकानदारांशी घासाघीस करून ते मिळवले! पण बरेचसे शत्रू तुमची एकूण पातळी बघूनच बलवान होतात. ती कशाने चढली, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

तालमीत नुसते वजन वाढवले, तर वजनगट वरचा मिळतो, समोरचा गडीही भारी येतो. डाव मात्र जुनेच. मी त्याला म्हटले, "काही दिवस कुलपे राहू दे. ढाल-तलवार घे."